अबोल महाराज कानात बोलतात

बंद गिरणीच्या सभागृहाच्या दाराशी सकाळी सातपासून रांग लागली होती आणि रांगेतला प्रत्येक जण ओरडत होता. भांडण नव्हतं. आमच्याकडचे निवृत्त विणकर "काय, बरं आहे ना?" हे सुद्धा असंच विचारतात, समोरचा नदीच्या पलीकडच्या काठावर उभा असल्यासारखं. तीस-चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली की कान जातात. पुढे गिरणी बंद होते, खडखडाट थांबतो, पण कान काही परत येत नाहीत.

"सुनेचं आणि माझं पटत नाही, तेच विचारणार आहे!" एक बाई शेजारणीच्या कानाला लागून गुपित सांगत होती. ते गुपित तिच्या सुनेनं ऐकलं, रस्त्यापलीकडच्या न्हाव्यानं ऐकलं आणि रांगेत पाण्याचे पेले वाटत फिरणाऱ्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसानंही ऐकलं. तो आत बसलेल्या अबोल महाराजांचा शिष्य. बगलेत कायम एक जाडजूड ग्रंथ, म्हणून त्याला सगळे ग्रंथवाला म्हणत.

पाणी वाटून झालं की ग्रंथवाला पायरीवर चढायचा.

"बारा वर्षं! बारा वर्षं महाराजांनी जीभ हलवलेली नाही! तोंडानं बोलणारे गल्लीगल्लीत पडलेत. महाराज आत्म्याशी बोलतात! ज्याचे कान मेले, त्याच्या थेट आत बोलतात! दोन नियम. महाराजांकडे पाठ करायची नाही आणि शंका घ्यायची नाही. शंका घेतली की वाणी तुटते!"

एवढं सांगून तो सभागृहाच्या मागच्या टोकाला असलेल्या काचेच्या खोलीत जाऊन बसायचा. गिरणीच्या काळात तिथे हजेरी घेणारा कारकून बसे. आता तिथे दार लावून हा ग्रंथ वाचत बसे. वाचनाच्या आवाजानं महाराजांचं मौन बिघडू नये, म्हणून दार बंद.

आणि आतून एकेक जण रडत बाहेर यायचा.

"बोलले हो! माझं नाव घेऊन बोलले! आणि ओठ मिटलेले होते, मी बघत होते ना, एकदाही हलले नाहीत!"

हे ओठांचं काय ते सांगायला हवं. मागखात्यात कोणी कोणाचं ऐकत नाही, बघतं. शंभर माग एकदम चालू झाले की समोरच्याच्या कानात शंख फुंकला तरी कळायचं नाही. म्हणून तिथे नव्यानं आलेली मुलगी आधी ओठ वाचायला शिकते. आवाज न काढता, ओठ मोठे करून, शब्द नुसते दाखवायचे. मुकादमाच्या पाठीमागे त्याची सगळी कुंडली आम्ही वीस हात लांबून एकमेकींना सांगायचो आणि तो बिचारा म्हणायचा, "या बायका काम करताना किती गप्प असतात!"

मला ओठ वाचायला माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं शिकवलं. मी सोळा वर्षांनी कापड तपासणीच्या खात्यात गेले म्हणून माझे कान वाचले. दिवसभर कापड उजेडावर धरून खोट शोधायची, असं ते काम. आक्का मात्र शेवटपर्यंत मागावरच राहिली. तिचे कान गेले आणि तिनं जग डोळ्यांवर घेतलं.

आता डोळेही जायच्या वाटेवर होते. काचबिंदू. डावा डोळा आधीच जवळजवळ गेलेला. उजव्यात कडेचं दिसेनासं झालेलं, समोरचं तेवढं स्वच्छ. डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारी शस्त्रक्रिया ठरवली होती. "तोवर थेंब चुकवू नका. आणि तारीख तर अजिबात चुकवू नका. या डोळ्यात आता वाट बघण्याइतकं काही उरलेलं नाही," असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

मंगळवारी आक्का महाराजांकडे जाऊन आली आणि तिनं थेंबांची बाटली केराच्या डब्यात टाकली.

"आक्का! हे काय?"

"महाराज म्हणाले, डोळ्याला लोखंड लावू नकोस. औषध बंद कर. एकवीस दिवस माझ्यासमोर येऊन बस, आपोआप उजेड पडेल."

"कोण म्हणालं? ते तर बोलत नाहीत ना?"

"माझ्या कानात म्हणाले." तिनं दोन्ही कानांमागची करडी यंत्रं हातानं चाचपली. सहा महिन्यांपूर्वी कामगार संघटनेनं दिलेली. "धाकटे, तू हसू नकोस. आधी त्यांनी यंत्रं मागून घेतली. दोन्ही तळव्यांत धरून फुंकर घातली, परत दिली. मग खुणेनं सांगितलं, डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघ. मी बसले. आणि एकदम आजूबाजूचा सगळा गलका विरून गेला गं. फक्त ते बोलले. स्वच्छ. सावकाश."

"कुणीतरी कोपऱ्यातून बोललं असेल."

"मग शेजारी बसलेल्या माझ्या सुनेला कसं ऐकू आलं नाही? आणि ओठ? चाळीस वर्षं मी ओठ वाचलेत. माणूस मला आवाजानं फसवेल, ओठांनी नाही."

इथेच घोडं पेंड खात होतं. दुसरं कोणी असतं तर त्यानं महाराजांच्या हातांकडे पाहिलं असतं. आमच्या विणकरांनी, अगदी प्रत्येकानं, ओठांकडे पाहिलं.

मी वाद घातला, रडले, रागावले. आक्का नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "घरात मी विचारते, काय म्हणाला तो? तर सगळे म्हणतात, काही नाही, जाऊ दे. तिकडे कुणीतरी पहिल्यांदा सगळं वाक्य पुरं केलं माझ्याशी."

बाटली उचलून, पुसून मी पदराखाली घेतली आणि बाहेर पडले.

बाहेर भोंगाकाका भेटले. गिरणीचा भोंगा गेला, पण काका आहेत, म्हणून हे नाव. ते पुटपुटले तरी खिडक्यांची तावदानं थरथरतात.

"मला काही ऐकू आलं नाही!" ते भर चौकात म्हणाले. "तासभर बसलो! महाराजांनी माझ्याकडे बघून मान हलवली! तो ग्रंथवाला म्हणतो, मागच्या जन्मीचं पाप आडवं येतंय! अगं पोरी, याच जन्मीचं काय थोडं आहे का, मागचं कशाला उकरतो!"

"काका, तुमचं यंत्र दाखवा बरं."

त्यांचं यंत्र तपकिरी, जुन्या ढबाचं, बोटभर लांब. संघटनेचं नवं यंत्र त्यांनी घेतलंच नव्हतं, "फुकट मिळतं ते कान खातं" असं त्यांचं मत होतं. मला कापड तपासणीचा टेबल आठवला. खोट एका जागी दिसली की ती ताग्यात कुठे कुठे उमटली आहे ते बघायचं असतं. मी रांगेत जाऊन ज्याला त्याला विचारत सुटले. दुपारपर्यंत हिशोब साफ झाला. ज्यांना महाराज ऐकू आले, ते सगळे करड्या यंत्राचे. तपकिरी यंत्रवाले, साधे बहिरे आणि माझ्यासारखे धडधाकट, हे सगळे पापी. देवाची कृपा एका विशिष्ट वर्षानंतरच्या यंत्रांवरच होत होती.

तडक गेले कानवालीकडे. दवाखान्यात कान तपासून यंत्र बसवणारी ही चुणचुणीत मुलगी, तिला सगळे असंच म्हणतात. ती ऐकता ऐकता हसायला लागली आणि मग एकदम गंभीर झाली.

"मावशी, महाराज यंत्र हातात घेऊन नेमकं काय करतात?"

"तळव्यात धरतात, फुंकर घालतात."

"आणि सेलचं झाकण उघडून परत लावतात. पैज लावा." तिनं एक करडं यंत्र घेऊन नखानं छोटं झाकण उघडलं, मिटलं. "आता हे तीन मिनिटं हाका मारत राहणार. तुम्हाला ऐकू येणार नाहीत, रेडिओच्या लहरी आहेत त्या. 'मी अमुक यंत्र, इथे आहे, कोणी जोडून घेतं का?' हा माझा फोन बघा."

फोनवर यंत्राचं नाव उमटलं. तिनं बोट टेकवलं. टुणकन आवाज झाला.

"झालं. दोघांनी एकमेकांना एक गुप्त खूण दिली. आता माझा फोन आणि हे यंत्र एकमेकांना ओळखतात. मी फोनशी बोलले की आवाज थेट या कानात. शेजाऱ्याला नाही. आणि बाहेरचा गलका यंत्र स्वतःच कमी करतं, म्हणजे बोलणं स्वच्छ यावं. फक्त आवाज पोचायला थोडा उशीर लागतो."

"पण तिथे एवढे फोन, एवढी यंत्रं. गोंधळ नाही होत?"

"होऊ नये म्हणून ही जोडी सारखी जागा बदलत राहते. सेकंदात शेकडो वेळा एका लहरीवरून दुसरीवर उडी. कोणत्या क्रमानं, ते फक्त या दोघांना माहीत. बाकीच्यांच्या हाती नुसती खरखर."

मी थक्क होऊन बघत राहिले. शंभर मागांच्या दणदणाटात दोघी जणी एकमेकींचे ओठ वाचत गप्पा मारतात, तसंच की हे. आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणी चमत्कारही म्हटलं नव्हतं.

"चला, आत्ताच जाऊन सांगू त्यांना," कानवाली उठली.

"आक्काला सांगून पटणार नाही. तिला ओठ दाखवावे लागतील. कोणाचे तरी ओठ हलत असतीलच ना? महाराजांचे नसतील, तर..."

"फोन फार लांब असू शकत नाही. फार तर वीस-पंचवीस पावलं. मध्ये जाड भिंत असली तर त्याहून कमी."

"आणि काच असली तर?"

"काचेतून आरामात जातं."

"कारकुनाची काचेची खोली!" मी म्हणाले.

गुरुवारी, म्हणजे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, मी आक्काबरोबर गेले. तिला आनंद झाला. "बघ, तुझंही मन वळलं," म्हणाली. भोंगाकाका आणि कानवाली मागच्या दाराशी थांबले. सभागृह गच्च भरलेलं, सगळ्यांची तोंडं महाराजांकडे. महाराज गादीवर बसलेले. वजनदार, गुळगुळीत चेहरा, ओठ शिवल्यासारखे बंद.

आक्काची पाळी आली. तिनं यंत्रं काढून दिली. बाकी सगळे ओठ बघत होते, मी हात बघितले. अंगठ्याचं नख हळूच फिरलं. उघड. मीट. दुसरं. उघड. मीट. फुंकर नंतर.

आक्का यंत्रं घालून समोर बसली. मी तिच्या समोरच, थोडी बाजूला, गुडघे मोडून बसले. गादीजवळच्या मदतनीस बाईनं डोळे वटारले, कारण अशा बसण्यानं माझी पाठ महाराजांकडे होत होती. मी कंबरेला हात लावून कळ आल्याचं तोंड केलं. या वयात ते सोंग करावं लागत नाही.

आता मला आक्काचा चेहरा दिसत होता, आणि तिच्या डोक्यावरून, रांगांच्या पलीकडे, काचेच्या खोलीतला ग्रंथवाला. ग्रंथ छातीशी उभा धरलेला, ओठांच्या खाली. वाचता वाचता पानं मात्र उलटत नव्हती.

त्याचे ओठ हलले. "बाळ," ते म्हणाले.

मीही माझे ओठ हलवले. आवाज न काढता, मागखात्यातल्यासारखे मोठे करून. बाळ.

आक्का महाराजांकडे बघत होती. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिची नजर माझ्यावर आली.

तुझी श्रद्धा मला पोचली, काचेमागचे ओठ म्हणाले. तुझी श्रद्धा मला पोचली, मी म्हणाले.

आक्काच्या कपाळाला आठी पडली.

उद्या दवाखान्यात जाऊ नकोस. जाऊ नकोस. डॉक्टर तुझा डोळा घेतील. डोळा घेतील. माझे ओठ पुढे, तिच्या कानातला आवाज अर्ध्या श्वासानं मागे. ती एकदा महाराजांच्या मिटलेल्या तोंडाकडे बघे, एकदा माझ्याकडे. तिचा चेहरा पांढरा पडत गेला. आजवर माझ्या ओठांनी तिला कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि आता त्याच ओठांवर तिचा देव बोलत होता, तोही कानात पोचायच्या आधी.

मी थांबले. मग माझे स्वतःचे दोन शब्द दाखवले. मागे वळ.

तिनं मान हलवली. नाही. महाराजांकडे पाठ करायची नाही.

आक्का, मी म्हणाले, उजवा डोळा आहे तोवर वळ.

मग गुडघ्यांवर हात टेकून ती उठली आणि सगळं अंग फिरवून मागे वळली.

काचेमागे ग्रंथवाला दचकला. पण सवय वाईट. तो फोनशी बोलतच राहिला, आणि त्याच्या ओठांवर जे आलं ते आक्कानं आधी पाहिलं, मग ऐकलं.

"ही म्हातारी इकडे काय बघतेय?"

"म्हातारी असेल तुझी आजी!" आक्का हात उगारून गरजली.

गिरणीत चाळीस वर्षं ज्यांनी काढली, त्यांच्यात असं कोणी हात उगारून उभं राहिलं की सगळे वळतात. तिथे त्याचा अर्थ कुणाचा तरी हात मशीनमध्ये गेला, असा असायचा. अख्खं सभागृह वळलं. शंभरावर डोळे, सगळे ओठ वाचणारे, एका काचेवर खिळले. आतल्या माणसाला वाटत होतं, दार बंद आहे, आपलं बोलणं कुणाला ऐकू जाणार नाही.

"मेलो," तो म्हणाला.

"मेलो म्हणतोय!" पहिल्या रांगेतली बाई ओरडली.

"पळतो आता मागच्या दारानं," तो म्हणाला.

"मागच्या दारानं पळणार म्हणतोय!" चाळीस जणांनी एकदम सांगितलं. मागच्या दाराशी भोंगाकाका उभे होते. ते फक्त "काय रे?" म्हणाले. तो परत आत गेला.

तेवढ्यात बारा वर्षांचं मौन गादीवरून उडी मारून उठलं. "हे कारस्थान आहे! खोटं आहे सगळं!" महाराज किंचाळले. आवाज चिरका, सर्दी झालेला. मुका माणूस बोलला, हा त्या दिवसातला एकमेव चमत्कार, आणि तोही फार काळ टिकला नाही. ते बोलायचे थांबेचनात.

मग कानवाली पुढे आली. ग्रंथाची पानं मधोमध चौकोनी कापलेली, आत फोन बसवलेला, तो तिनं सगळ्यांना दाखवला. यंत्र कसं हाक मारतं, फोन कसा ओळख करून घेतो, सारं सांगितलं. मी शेजारी उभी राहून तेच ओठांनी सांगत गेले. लोकांना पटेना, तेव्हा तिनं स्वतःचा फोन आक्काच्या यंत्राला जोडून काकांच्या हाती दिला आणि त्यांना पाठवलं पार जिन्याखाली.

आक्का कान देऊन उभी राहिली. एकदम तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले.

"काय म्हणतात? काय म्हणतात?"

"म्हणतात, मी भोंगा महाराज, भक्तांनो, चहा पाठवा! अहो काका, हळू! फोन आहे तो!"

त्यानंतर सगळ्यांनाच महाराज व्हायचं होतं. सासू सुनेच्या फोनवरून बोलली, नवरा बायकोच्या. एक म्हातारी जिन्याखालून स्वतःच्या बहिणीच्या कानात दहा मिनिटं बोलत होती आणि वरती बहीण नुसती मान डोलावत होती.

"पण त्यांना माझ्या सुनेचं कसं कळलं?" रांगेतल्या त्या बाईनं विचारलं.

"तुम्ही सांगितलंत," सून म्हणाली. "गावभर."

संघटनेनं पोलिसांत तक्रार दिली, ते दोघे रीतसर आत गेले. म्हणून सगळे शहाणे झाले असं नाही. दुसऱ्या दिवशीच कोणीतरी म्हणत होतं, "महाराज चांगले हो, तो ग्रंथवालाच लबाड." असू दे.

शुक्रवारी आक्काची शस्त्रक्रिया झाली. उजव्या डोळ्यावर पट्टी. तो बंद म्हणजे ओठ बंद, ओठ बंद म्हणजे माणसं बंद. पलंगावर ती हात पसरून हवेत काहीतरी शोधत होती. मी बाहेरच्या बाकावर बसून, कानवालीनं यंत्राला जोडून दिलेला माझा फोन तोंडाशी धरला.

"आक्का, मी आहे. शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टरीणबाई म्हणतात, उरलं होतं ते सगळं वाचलं."

तिचे हात खाली आले.

"धाकटे?" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की परिचारिका धावत आली. "कुठून बोलतेस?"

"दाराबाहेरून. फोनमधून, यंत्रात."

"बोल मग. थांबू नकोस."

मी बोलत राहिले. संध्याकाळी तिचा मुलगा आला, मग नात. पाळीपाळीनं बोललो.

मला त्या दोन भामट्यांचा राग आहेच. पण बाकावर बसल्या बसल्या एक गोष्ट मनाला लागून राहिली. आक्काच्या यंत्राचा सेल आठवड्याला बदलावा लागतो. म्हणजे सहा महिने, दर आठवड्याला, तीन तीन मिनिटं ते यंत्र आमच्या घरात हाका मारत होतं. खिशाखिशांत फोन होते. आम्ही कोणीही ओ दिली नाही. ज्यानं दिली, त्याला आक्का देव समजली.

तेव्हा तुमच्या घरात कानाचं यंत्र असेल, तर ते बसवून देणाऱ्याकडे जा आणि फोनला कसं जोडायचं ते विचारून घ्या. फार तर पाच मिनिटं लागतात. आणि कुणाचा आवाज थेट आतून आला, तर आधी आपल्या माणसाला विचारा, मग डॉक्टरांना विचारा, आणि हा बोलतोय कुठून ते शोधा. मुख्य म्हणजे डोळ्याचे थेंब केरात टाकू नका. ते वेळेवर घालायचे असतात.